'नाइस' म्हणजे मुळात 'नेणता' (शीर्षक दुरुस्त केलं आहे, कारण प्रतिसादांत)

अवग्रह

"नाइस या शब्दाचा खरा अर्थ मूर्ख आहे, तेव्हा यापुढे कुणाला नाइस म्हणताना विचार करा" अशा धर्तीची ढकलपत्रं (फॉरवर्ड) अधूनमधून फिरतात. त्यातली माहिती निम्मी बरोबर आणि निष्कर्ष साफ चूक, म्हणून हा धागा.

लॅटिनमध्ये 'ने' म्हणजे न, 'स्कीरे' म्हणजे जाणणं. दोन्ही मिळून 'नेस्किउस', म्हणजे ज्याला ठाऊक नाही असा. जुन्या फ्रेंचमध्ये हा शब्द झिजून 'नीस' झाला आणि अर्थ खुळा, बावळट, गबाळा यांकडे झुकला. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड घेतल्यावर पुढची दोन-तीनशे वर्षं फ्रेंच शब्दांची जी रीघ लागली, त्यात हाही आला. १३०० च्या आसपास तो इंग्रजी लिखाणात दिसू लागतो, अर्थ फ्रेंचमधलाच. इंग्रजी कवी चॉसर (मृत्यू १४००) तो मधे 'आय'ऐवजी 'वाय' घालून लिहितो आणि खुळा याच अर्थाने वापरतो.

त्यानंतर शब्दाला पाय फुटले. चौदाव्या-पंधराव्या शतकात नखरेल, भपकेबाज, बुजरा, नाकं मुरडणारा आणि नाजूक असे अर्थ येऊन मिळाले. सोळाव्या शतकात काटेकोर, बारीक, अचूक. 'सुखद, आवडेल असा' या अर्थासाठी १७६९ हे साल सहसा दिलं जातं, आणि 'स्वभावाने चांगला' हा अर्थ १८३० च्या सुमाराचा. म्हणजे ज्या अर्थाने आपण आज हा शब्द वापरतो, तो त्याच्या इंग्रजीतल्या सातशे वर्षांपैकी शेवटच्या अडीचशेतला.

एक सूचना: या पायऱ्या एकामागून एक चढलेल्या नाहीत. सोळाव्या आणि सतराव्या शतकात यातले पाच-सहा अर्थ एकाच वेळी चालू होते. त्या काळच्या पुष्कळ वाक्यांत नेमका कोणता अर्थ धरायचा हे सांगणं अवघड आहे, असं ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशानेही नोंदवलं आहे.

लिंबलोण

छान धागा. (हा शब्द आता जपून वापरावा लागणार.) पण खुळा ते चोखंदळ ही उडी कळली नाही. खुळ्याला कसली आलीय चोखंदळ आवड?

अवग्रह

@लिंबलोण, ही उडी नाही, पायवाट आहे. खुळा माणूस उधळ्या असतो, अंगावर भलतंसलतं चढवतो. तिथून 'कपड्यालत्त्यात वाजवीपेक्षा जास्त गुंतलेला' हा अर्थ आला. असा माणूस कापडाचा पोत बघणार, शिवण बघणार, जेवणात मीठ किती ते बघणार. हा झाला नाकं मुरडणारा. इथपर्यंत शब्द निंदेचाच आहे. मात्र बारकाईने बघणं हा गुणही असतो, त्यामुळे तोच शब्द पारखी, काटेकोर या अर्थाने स्तुतीतही चालू लागला.

पुढची पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. विशेषण माणसावरून वस्तूवर घसरलं. नाइस माणूस म्हणजे चोखंदळ, आणि नाइस जेवण म्हणजे चोखंदळ माणसाच्याही पसंतीस उतरेल असं. एकदा वस्तूला लागल्यावर चोखंदळपणा गळून पडला आणि 'पसंत पडेल असं' एवढंच उरलं. तेच परत माणसाला लागलं: ज्याच्याशी वागायला बरं वाटतं तो.

नऊवारी

मधली पायरी समजून घ्यायला मराठीत 'नाजूक' हा शब्द हाताशी आहे. नाजूक मुलगी, नाजूक नक्षी, नाजूक प्रकरण, नाजूक तब्येत. एकच विशेषण, कुठे कौतुक, कुठे काळजी, कुठे "इथे बोलताना सांभाळा". सतराव्या शतकातला नाइस साधारण असाच वागतो. शब्द फारसीतून आला, पण मराठीत इतका मुरलाय की कुणाला परका वाटत नाही.

शेवटचा_डबा

माझ्या मते हा शब्द आपल्या 'नेक'वरून गेला असावा. नेक म्हणजे चांगला, नाइस म्हणजे चांगला. 'क'चा 'स' व्हायला कितीसा वेळ लागतो?

उकडीचा

@शेवटचा_डबा, नाही. आणि का नाही हे सांगतो, कारण असल्या जोड्या लावताना नेहमी याच ठिकाणी पाय घसरतो.

दोन शब्दांची आजची रूपं आणि आजचे अर्थ जुळवून काही सिद्ध होत नाही. आधी दोघांचं सर्वांत जुनं रूप आणि सर्वांत जुना अर्थ शोधायचा, आणि मग जुळवणी करायची. नेक फारसी, अर्थ पहिल्यापासून चांगला. नाइसचं जुनं रूप नेस्किउस. अर्थ न जाणणारा. रूपात 'न' सोडून काही जुळत नाही आणि अर्थ तर विरुद्ध टोकाचे. नाइसला 'चांगला' हा अर्थ मिळाला अठराव्या शतकात. नेकवरून आला असता तर तो पहिल्या दिवशीच असायला हवा होता. त्यानंतर प्रवासाची वाट तपासायची: शब्द कोणत्या भाषांतून गेला आणि तिथे त्याचे सख्खे भाऊ आहेत का? नेस्किउसचे आहेत. स्पॅनिशमध्ये 'नेसिओ' म्हणजे आजही मूर्ख, हटवादी. पोर्तुगीजमध्ये 'नेश्सिउ' म्हणजे अडाणी, मूढ. गोव्याच्या जुन्या पोर्तुगीज कागदांत कुणी रमत असेल, तर त्याच्या डोळ्यांसमोर हा नाइसचा चुलतभाऊ कधी ना कधी येईल. तिकडे त्याला चांगुलपणाची बढती मिळालीच नाही.

उच्चाराचंही बघा. चॉसरच्या काळी उच्चार 'नीस' असा, दीर्घ ईकाराचा. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले दीर्घ स्वर सरकले आणि ईचा आइ झाला. टाइम पूर्वी 'टीम'सारखा होता, माइस 'मीस'. स्पेलिंग तेवढं जुनं राहिलं. म्हणून आजचा 'नाइस' हा उच्चार घेऊन संस्कृत-फारसीशी सांधे जुळवणं म्हणजे रंगवलेल्या भिंतीवरून विटांचं वय ठरवणं.

शेवटचा_डबा

मान्य. बिनशर्त माघार.

सायंकाळ

वाचतेय. नेस्किउस म्हणजे मग थेट आपला 'अज्ञ' ना? अ म्हणजे नाही, ज्ञ म्हणजे जाणणारा.

उकडीचा

@सायंकाळ, अर्थ तोच, पण सुटे भाग वेगळे आहेत.

संस्कृतमधल्या अ किंवा अन् या उपसर्गाचे भाऊ म्हणजे लॅटिनमधला 'इन', ग्रीकमधला 'अ/अन' आणि इंग्रजीतला 'अन'. लॅटिनमधल्या सुट्या 'ने'चा भाऊ म्हणजे आपला सुटा 'न'. म्हणजे घडणीने नेस्किउस हा अज्ञपेक्षा 'नास्तिक' किंवा 'नपुंसक' यांच्या रांगेत बसतो, जिथे 'न' जसाच्या तसा चिकटलाय.

दुसरा भाग 'ज्ञ'. त्याचे भाऊ लॅटिनमध्ये 'ग्नोस्केरे' आणि इंग्रजीत 'नो', म्हणजे जाणणं. इंग्रजी 'नो'च्या सुरुवातीचा मुका 'के' पूर्वी उच्चारला जायचा. जर्मानिक भाषांत जुन्या 'ग'चा 'क' होतो, त्यातला तो. स्कीरे ही वेगळी धातू. तिचा मूळ अर्थ कापणं, वेगळं करणं असा धरतात, आणि संस्कृतातल्या 'छ्यति' (कापतो) या रूपाशी तिचं नातं जोडतात. एक गोष्ट दुसरीपासून वेगळी काढता येणं म्हणजे जाणणं, अशी ती कल्पना. त्याच स्कीरेपासून 'सायन्स' आला. तेव्हा नाइस आणि सायन्स ही एकाच घरची भावंडं, एक न जाणणारं आणि एक जाणणारं.

नऊवारी

'न' चिकटलेला शब्द हवा तर मराठीत तो तयार आहे: नेणता. न अधिक जाणता. नेणणे हे क्रियापद ज्ञानेश्वरीपासून आहे, 'जाणते-नेणते' ही जोडी आजही बोलण्यात येते, आणि मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत जाणीव-नेणीव ही रोजची परिभाषा आहे. घडण तीच (न + जाणणे), 'न'ही मुळात तोच. यापेक्षा चपखल भाषांतर मिळणार नाही.

शिवाय लॅटिनमध्ये नेस्किउस ही शिवी नव्हती. अमुक गोष्टीची खबर नसलेला, अनभिज्ञ, एवढंच. खुळेपणाचा डाग फ्रेंचमध्ये लागला. 'नेणतं लेकरू' म्हणताना आपणही हिणवत नाही. तेव्हा @अवग्रह, शीर्षकातला 'अडाणी' बदला. अडाणी म्हणजे न शिकलेला. तो वेगळा मुद्दा.

अवग्रह

दंडवत. शीर्षक बदललं.

मोडी_आणि_मी

भाषांतर करणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. जुने अर्थ मेले असं समजू नका. कोपऱ्याकोपऱ्यांत जिवंत आहेत आणि तिथेच भाषांतर आपटतं.

कायद्याच्या इंग्रजीत 'नाइस क्वेश्चन ऑफ लॉ' किंवा 'नाइस डिस्टिंक्शन' हे आपल्याकडच्या निकालपत्रांतही सापडतं. त्याचं 'कायद्याचा छान प्रश्न' असं मराठी करणं ही घोडचूक. तिथे सोळाव्या शतकातला काटेकोर, बारीक हा अर्थ चालू आहे: कायद्याचा सूक्ष्म मुद्दा, बारीक भेद. 'नाइसटी' हे नामही तसंच. अनेकवचनात बारकावे किंवा शिष्टाचाराच्या बारीकसारीक गोष्टी, आणि 'टू अ नाइसटी' म्हणजे अगदी तंतोतंत. याच नामाचा चौदाव्या शतकातला अर्थ मूर्खपणा होता.

शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये पाचव्या अंकात, रोमिओला पाठवलेलं पत्र पोचलंच नाही हे कळल्यावर फ्रायर लॉरेन्स म्हणतो की ते पत्र 'नाइस' नव्हतं. 'छान नव्हतं' असं केलंत तर सगळा प्रवेश कोसळतो. इथे अर्थ क्षुल्लक, किरकोळ. पत्र किरकोळ नव्हतं, त्यात जिवाशी गाठ होती. तिसऱ्या अंकात बेनव्होलिओही भांडणाला नाइस म्हणतो, तिथेही क्षुल्लकच.

अर्थ ठरवताना मी या क्रमाने जावं असं सुचवेन. पहिल्यांदा साल. १७५० च्या आधीचा मजकूर असेल तर 'छान' हा पर्याय बाजूलाच ठेवायचा. डॉ. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात काटेकोर, नाजूक, चिकित्सक अशा छटा आहेत, पण 'सुखद' नाही. मग विशेषण कशाला लागलंय ते: माणसाला, मुद्द्याला, कापडाला की भांडणाला. त्यानंतर वाक्यात विरुद्ध बाजूला कोणता शब्द ठेवलाय ते बघायचं. समोर ढोबळ असेल तर नाइस म्हणजे अचूक. समोर राकट असेल तर नाजूक. समोर गंभीर किंवा वजनदार असेल तर क्षुल्लक. हे तिन्ही करूनही दोन अर्थ उरले तर ते मुद्दाम ठेवलेले असू शकतात. शेक्सपिअरच्या बाबतीत तर नक्कीच.

आणि कोशातल्या सालाबद्दल: ते लेखी पुराव्याचं साल असतं. तोंडी वापर त्याआधी सुरू झालेला असतो, आणि आणखी जुना कागद सापडला की साल मागे सरकतं. '१७६९ साली अर्थ बदलला' असं वाक्य लिहू नये.

लिंबलोण

'नाइस अँड वॉर्म' मधल्या नाइसचं काय करायचं? तिथे तर अर्थच नाही.

मोडी_आणि_मी

@लिंबलोण, तिथे तो पुढच्या विशेषणाला जोर देतो. 'अँड' ऐकून दोन वेगळे गुण समजू नयेत. मराठीत याला तयार जागा आहे: छानपैकी गरम चहा, मस्तपैकी ऊन. 'आणि' घालून 'छान आणि गरम' केलंत की भाषांतराचा वास आलाच.

आपला 'चांगला'ही हेच करतो, थोड्या खाष्टपणाने. चांगला चोपला, चांगलीच अद्दल घडली, चांगलंच महागात पडलं. यात चांगलं काही नाही, नुसता जोर आहे. आणि पसारा करून ठेवणाऱ्याला इंग्रज जेव्हा 'नाइस' म्हणतो, तेव्हा "छान! दिवे लावलेत" एवढंच पुरे.

भूर्जपत्र

उशिरा आलो, पण मूळ मुद्द्यावर बोलायचंय. 'मूळ अर्थ हाच खरा अर्थ' या समजुतीवर.

जेन ऑस्टिनच्या 'नॉर्दँगर ॲबी' या कादंबरीत (१८१७ च्या डिसेंबरात आली, मुखपृष्ठावर १८१८) कॅथरीन एका पुस्तकाला नाइस म्हणते आणि हेन्री टिल्नी तिची फिरकी घेतो: दिवसही नाइस, फेरफटकाही नाइस, तुम्ही दोघी मुलीही नाइस, शब्द सगळीकडे चालतो! मग तो सांगतो की मुळात हा शब्द नीटनेटकेपणा, औचित्य, नाजूकपणा, सुसंस्कृतता यांच्यासाठी असावा. गंमत बघा, टिल्नी ज्याला 'मुळात' म्हणतोय तो मूळ अर्थ नाहीच. तो मधल्या स्टेशनवर उतरलाय. आणखी मागे गेला असता तर खुळ्यापाशी पोचला असता. मूळ अर्थाचा आग्रह धरणाऱ्या प्रत्येकाचं हेच होतं. तो आपल्याला सोयीच्या शतकात थांबतो आणि त्याला उगम म्हणतो.

आपल्याकडे या प्रश्नाचा निकाल चौदाव्या शतकातच लागलाय. त्याआधी काव्यशास्त्रकार मम्मटाने काव्यप्रकाशात 'कर्मणि कुशलः' (कामात कुशल) हे लक्षणेचं, म्हणजे मुख्य अर्थ बाजूला ठेवून त्याला जोडलेला दुसरा अर्थ घेण्याचं, उदाहरण दिलं. कुशल म्हणजे मुळात कुश नावाचं गवत आणणारा (ते धारदार असतं, उपटताना हात कापतो, म्हणून चतुर), तेव्हा 'निपुण' हा अर्थ लक्षणेने आला, असं त्याचं म्हणणं. साहित्यदर्पणात विश्वनाथाने ते खोडलं. शब्द घडण्याचं कारण वेगळं आणि शब्द वापरण्याचं कारण वेगळं: 'अन्यद्धि शब्दानां व्युत्पत्तिनिमित्तमन्यच्च प्रवृत्तिनिमित्तम्'. व्युत्पत्तीचा अर्थ हाच मुख्य अर्थ मानला, तर 'गौः शेते', गाय झोपली आहे, हेसुद्धा लक्षणेनेच म्हणावं लागेल. कारण गो हा शब्द गम् म्हणजे जाणे यावरून आलेला, आणि झोपलेली गाय कुठे जात नाही.

चॉसर तिकडे नाइस 'खुळा' या अर्थाने लिहीत होता, त्याच शतकातला हा निकाल. ढकलपत्रवाल्यांना उत्तर द्यायचं तर 'गौः शेते' एवढं पुरे.

सायंकाळ

बसलेल्या गाईला काय म्हणायचं याच विचारात आहे आता. :)

उलट दिशेने गेलेले शब्दही आहेत ना? चांगल्याचे वाईट झालेले?

भूर्जपत्र

@सायंकाळ, इंग्रजीतलं ठळक उदाहरण 'सिली'. जुन्या इंग्रजीत तो 'धन्य, सुखी' होता. मग निष्पाप, मग बापडा, मग दुबळा, आणि शेवटी मूर्ख. जर्मनमधला त्याचा भाऊ 'झेलिग' आजही धन्य याच अर्थाने आहे, शिवाय आपण 'कैलासवासी' म्हणतो तसा मृतांसाठीही वापरतात. नाइस खुळ्यापासून निघाला आणि सिली खुळ्यापाशी पोचला. दोघांची वाटेत गाठ पडली असणार.

आपल्याकडचा जोडीदार 'देवानांप्रिय'. अशोकाच्या शिलालेखांत ही राजाची सन्मानाची उपाधी, देवांचा लाडका. पुढच्या संस्कृतात अर्थ झाला मूर्ख. सिद्धान्तकौमुदी या व्याकरणग्रंथात 'देवानांप्रिय इति च मूर्खे' असं सरळ लिहिलंय. मधली अवस्था पतंजलीच्या महाभाष्यात दिसते. एक वैयाकरण (व्याकरणपंडित) विचारतो, या रथाचा 'प्रवेता' (हाकणारा) कोण? सूत (सारथी) त्याच अर्थाचं दुसरं रूप वापरून म्हणतो, मी 'प्राजिता'. वैयाकरण म्हणतो, हा अपशब्द, म्हणजे अशुद्ध रूप. त्यावर सूत ऐकवतो: 'प्राप्तिज्ञो देवानांप्रियः, न त्विष्टिज्ञः'. म्हणजे महाराजांना नियम ठाऊक आहे, चालतं काय ते ठाऊक नाही. इथला देवानांप्रिय आदराने घ्यायचा की टोमण्याने, दोन्ही जमतं. अर्थ बदलतात ते अशाच वाक्यांतून, जिथे जुना आणि नवा दोन्ही बसतात.

शेवटचा_डबा

माघार घेतल्यावर एक भीत भीत प्रश्न. फ्रान्समधलं नीस शहर? आणि भूगोलाच्या पुस्तकातला नीस खडक?

उकडीचा

@शेवटचा_डबा, दोन्हींचा संबंध नाही. शहराचं नाव ग्रीक 'निकाया'वरून, निके म्हणजे विजय. खडकाचं नाव जर्मनमधून आलं. इंग्रजीत त्याचा उच्चार नेमका 'नाइस' होतो, म्हणून तिकडच्या भूगर्भशास्त्राच्या वर्गात त्यावर विनोद चालतात. मराठी पाठ्यपुस्तकांनी 'नीस' लिहिल्यामुळे आपली मुलं त्या विनोदांतून सुटली.

नऊवारी

अवांतर: 'नेणता'ला भाव मिळाल्याबद्दल आभार. @अवग्रह, शीर्षक बदललंत, पण कारण 'प्रतिसादांत' म्हणून सोडून दिलंय. नव्याने येणाऱ्याला वीस प्रतिसाद उपसावे लागतील. पहिल्या पोस्टखाली एक ओळ टाका.

अवग्रह

@नऊवारी, टाकतो. ओळ अशी: "आधी शीर्षकात 'अडाणी' होतं. लॅटिन शब्दात न शिकल्याचा दोष नाही, ठाऊक नसणं आहे, म्हणून 'नेणता'." चालेल?

नऊवारी

चालेल. 'दोष' काढून 'भाव' करा.